मदत हवी आहे : शिफ्ट प्रमुखपदासाठी स्त्रिया अर्जच करत नाहीत

सप्रेम नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. आमच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, तरी गेल्या तीन वर्षांत शिफ्ट प्रमुखपदासाठी त्यांच्यापैकी एकीनेही अर्ज केलेला नाही. ‘त्यांनाच नको असते’ असे म्हणून व्यवस्थापन मोकळे होते, आणि ते मला पटत नाही.

कायद्याची बाजू कागदोपत्री चोख आहे. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री अधिकारी आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने आलेली २६ आठवड्यांची प्रसूती रजाही मिळते. घोडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. नियोजनाची बैठक संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि फोंड्याकडे जाणारी कंपनीची बस पावणेसहाला सुटते. त्यामुळे आमची एक अनुभवी सहकारी डबा पिशवीत कोंबत मधूनच उठते, आणि तिच्याच कामाविषयीचे निर्णय तिला दुसऱ्या दिवशी इतरांच्या तोंडून कळतात. (बैठकीचा चहा मात्र तिनेच सांगितलेला असतो!)

बैठक दुपारी तीनला घ्यावी, असा प्रस्ताव मी लिहीत आहे. आपल्यापैकी कोणी असा बदल घडवून आणला आहे का? उत्पादन विभागाचा विरोध कसा हाताळलात? शिवाय, रात्रपाळीची जबाबदारी घेणाऱ्या स्त्रियांसाठी घरापर्यंतच्या वाहनाची सोय कोणत्या अटींवर मंजूर करून घेतलीत, हेही कृपया सविस्तर कळवावे.