टेबल सॉ: रायव्हिंग नाइफ की स्थिर स्प्लिटर?

प्रश्न (उद्यमनगर, कोल्हापूर): आमच्या जुन्या टेबल सॉला (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवत यंत्राला) स्थिर स्प्लिटर, म्हणजे ब्लेडच्या मागे काप मिटू न देणारी न हलणारी पट्टी असून त्यावरच गार्ड (ब्लेडवरचे झाकण) बसवलेले आहे, त्यामुळे फळीत खाच पाडायची झाली की दोन्ही काढावी लागतात आणि कारागीर ती पुन्हा बसवत नाहीत. नवे यंत्र घेताना रायव्हिंग नाइफचा (ब्लेडबरोबर हलणाऱ्या तशाच पट्टीचा) आग्रह धरावा का?

उत्तर १: अवश्य धरावा. लाकडातील ताणामुळे काप मिटू लागला, की ब्लेडच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात फळी उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. रायव्हिंग नाइफ हा काप उघडा ठेवते, आणि ते ब्लेडबरोबरच वरखाली होते आणि कलते. शिवाय त्याचे टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असल्याने खाच पाडतानाही ते जागेवरच राहते.

उत्तर २: नाइफची जाडी मात्र तपासावी. ती ब्लेडच्या पत्र्याहून (दात सोडून उरलेल्या चकतीहून) अधिक आणि कापाच्या रुंदीहून कमी हवी. पत्रा २.२ मिमी व काप ३.२ मिमी असेल, तर २.५ मिमी चालते. पुढे स्वस्तात मिळाले म्हणून पातळ ब्लेड लावले, तर फळी त्याच नाइफवर अडते.

उत्तर ३: बोटे वाचवण्याचे काम नाइफ करत नाही, म्हणून आरपार कापताना गार्ड हवेच. हत्यारांशिवाय निघणारे व बसणारे गार्ड पाहावे. कारागीर तेच वापरतात.