उनी (सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या आतला खायचा भाग) कडू का लागतं? कुठलं घ्यायचं आणि टिकवायचं कसं?

निशिकासाईकर:
मंडळी, टोकियोत येऊन दीड वर्ष झालं. मासे खाणारा माणूस आहे मी, गाबोळी तर जीव की प्राण, आणि ऑफिसातला सेनपाई (सीनियर) रोज उनी उनी करून डोकं खायचा म्हणून गेल्या शनिवारी सुपरमार्केटातून एकदाची छोटी लाकडी पेटी आणली. दोन हजार येन गेले. पहिल्या घासाला गोड लागलं आणि मग मागून जिभेवर काहीतरी कडू, औषधासारखं. बायकोने तर थुंकूनच टाकलं. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवसांनी त्याचं पिठलं झालेलं. जुलैत आईबाबा येतायत, बाबांना खिलवायचंय. उनीच्या जाती दोन दिसतायत, बाफुन घेऊ की मुरासाकी? काही कळत नाहीये.

ओतारूची_आत्या:
अरे ते कडू म्हणजे तुरटी! उनी सोललं की लगेच मऊ पडायला लागतं, आकार राहावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढतात आणि मग पेटीत ओळीने लावतात. लेबलवर 'म्योबान' लिहिलेलं असेल बघ. पुढच्या वेळी 'एनसुई उनी' माग, म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवलेलं, डब्यात येतं. दिसायला पेटीइतकं देखणं नसतं पण चव खरी. खायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं चाळणीत निथळू दे. आणि नळाखाली धुवू नकोस हं, गोड्या पाण्यात सगळी चव जाते आणि ते लिबलिबीत होतं.

बाकी ती गाबोळी नव्हे. त्या काटेरी गोळ्यात पाच पाकळ्या असतात, ती त्याची जननग्रंथी, नर असो की मादी दोन्हीची खातात. म्हणूनच वीण जवळ आली की त्यातून पांढरं दुधासारखं सुटतं आणि चव बिघडते. आमच्या इकडे होक्काइदोत शाकोतान, रिशिरी, रेबुनला जून ते ऑगस्ट मुख्य सीझन. जुलैत येतायत ना, मग नशीबवान आहेत तुझे बाबा.

फुकुओकाचा_बाळ्या:
बाफुन म्हणजे शब्दशः घोड्याची लीद, गोळा तसाच दिसतो म्हणून 😂 पण आतला ऐवज केशरी, दाट, गोड. मुरासाकी म्हणजे जांभळा, लांब काट्यांचा, आत फिकट पिवळा, चव हलकी. होक्काइदोत मिळतो तो खरं तर कितामुरासाकी, आमच्याकडचा मुरासाकी वेगळी जात आहे. लोक बाफुनच्या मागे असतात आणि भावही त्यालाच जास्त, पण पहिल्यांदा खाणाऱ्याला मी मुरासाकीच देईन, बाफुन अंगावर येतं. आणि इकडे कारात्सुला अकाउनी (लाल जातीचं उनी) मिळतं उन्हाळ्यात, ते खाल्लं की होक्काइदोवाल्यांची बडबड बंद होते (आत्या, राग मानू नका).

ओतारूची_आत्या:
मानला. अरे, कोंबू (समुद्री शेवाळ) खाऊन वाढलेल्या उनीची बरोबरी नाही.

फुकुओकाचा_बाळ्या:
बरं बरं. निशिकासाईकर, टिकवण्याचं विचारलंस तर सरळ सांगतो, टिकवू नकोस. फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेव, फोडलेली पेटी त्याच दिवशी संपव, फार तर दुसऱ्या दिवशी. घरच्या फ्रीझरमध्ये टाकलंस तर बर्फ सुटल्यावर पाणी पाणी होतं. उरलंच तर लोणी घालून पास्त्यात ढकल. आणि पेटीवर देश बघ, चिली, रशिया, अमेरिका कुठलंही असतं, स्वस्त असतं, वाईटच असेल असं नाही, पण होक्काइदोच्या भावात घेऊ नकोस. पाकळ्या सुट्या आणि कडा कडक असाव्यात, खाली पाणी साचलेलं नसावं. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा आला की ठेव परत.

ओतारूची_आत्या:
आणि आई कच्चं खात नसतील तर आओमोरीचं 'इचिगो-नी' आण, उनी आणि अवाबीचं (अबलोन शिंपल्याचं) सूप, डबाबंद मिळतं. गरम करून वाढ, काही सांगूच नकोस.

निशिकासाईकर:
आत्या, बाळ्या, दोघांचे आभार! एनसुई मुरासाकी फायनल. तुरटीचं ऐकून बायको हसतेय, बाबा अजून दाढीनंतर गालावर तुरटीच फिरवतात. त्यांना ती पेटीच आवडली असती.