मदत हवी आहे: नेब्रास्कातल्या शेतकरीण पणजीचं माहेर कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहात राहते, सासर इथलंच. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. हल्ली त्यांनी एकच धरलंय: माझ्या आईच्या आजीचं माहेर शोधून दे. नात्यातल्या कुणीतरी छापून घेतलेली वंशावळ घरात आहे. तिच्यात पणजोबांचे बाप-आजे डेन्मार्कच्या जटलंडमधल्या गावासकट आहेत आणि पणजीच्या चौकटीत नुसतं पहिलं नाव. तेही असं की त्या काळच्या डॅनिश वस्तीत हाक मारली असती तर दहा जणी वळल्या असत्या. नावं इथे जाहीर लिहीत नाही, मदत करणाऱ्यांना व्यनितून (खासगी निरोपातून) देईन.

आत्तापर्यंत काय मिळालं ते सांगते. १८८० च्या जनगणनेत नवरा-बायको हॉवर्ड काउंटीत, डॅनेब्रॉगजवळ आहेत. सोबत एक वर्षाची मुलगी, तिचा जन्म आयोवातला. (हीच सासूबाईंची आजी.) नवऱ्याने होमस्टेड कायद्याखाली (सरकारी जमिनीवर राहून ती कसली की मालकी मिळायची) १६० एकरांचा दावा लावला होता. पण १८८६ चं जमिनीचं मालकीपत्र निघालंय ते तिच्या नावाने, पुढे 'विधवा' असं लिहून. घरात सांगतात की पणजोबा १८८८ च्या जानेवारीतल्या त्या प्रसिद्ध हिमवादळात गेले. मालकीपत्राचं साल पाहता ते शक्य नाही, म्हणून ती गोष्ट मी सध्या बाजूला ठेवली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही!

तिने दुसरं लग्न केलं नाही. शेत चालवलं, मुलं वाढवली. १९०० च्या जनगणनेत ती कुटुंबप्रमुख आहे: चार मुलं झाली, तीन हयात, अमेरिकेत आली १८७३ साली. १९२६ ला वारली. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असे दोन्ही रकाने आहेत, पण माहिती देणारा जावई. त्याने दोन्हीकडे 'माहीत नाही' लिहून मोकळं केलंय.

आता माझा घोळ. जन्मस्थान १८८० मध्ये प्रशिया, १९०० मध्ये डेन्मार्क आणि १९१० मध्ये जर्मनी, भाषा मात्र डॅनिश. ही एकच बाई आहे ना? की मी दोघींची सरमिसळ करतेय? हॉवर्ड काउंटीत लग्नाची नोंद मिळाली नाही. नागरिकत्वाचे कागदही तिच्या नावाने कुठे नाहीत. आणखी एक वस्तू आहे. एका वयस्कर जोडप्याचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो, मागे स्टुडिओचा छाप, गाव 'हादर्सलेबेन'. डेन्मार्कच्या नकाशावर हे गाव मला सापडत नाही.

पुढे कुठे शोधू?

प्रतिसाद: उंबरठा

बाई एकच आहे, काळजी नको. तुमच्या फोटोनेच उत्तर दिलंय. हादर्सलेबेन हे हादर्सलेव गावाचं जर्मन नाव, आज ते दक्षिण डेन्मार्कमध्ये आहे. तो सगळा भाग म्हणजे उत्तर स्लेसविग. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला, स्लेसविग हातचं गेलं आणि प्रशियात जमा झालं. १८७१ नंतर प्रशिया जर्मन साम्राज्याचा भाग. १९२० ला सार्वमत होऊन उत्तरेचा तुकडा डेन्मार्ककडे परत आला. तुमची पणजी १८५७ च्या आसपास जन्मली असेल तर जन्म डॅनिश राजाच्या अमलातला आणि देश सोडला तो प्रशियन प्रजा म्हणून. गणनेला येणारा माणूस काय विचारेल आणि ती कोणत्या मनःस्थितीत काय सांगेल, त्यावर उत्तर बदलत गेलं. तिन्ही उत्तरं खरी आहेत.

१९२० ची जनगणना पाहिली का? तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही. त्या वर्षी जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया असल्या ठिकाणी जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहरही लिहायची सूचना होती, कारण युद्धानंतर सीमा बदलत होत्या. तिथे स्लेसविग मिळालं तर प्रश्नच मिटला. १८९० ची शोधत बसू नका. वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या जानेवारीत आग लागली, त्यात ती जवळजवळ सगळी गेली. त्याऐवजी नेब्रास्काने १८८५ मध्ये वेगळी गणना केली होती, ती शाबूत आहे. आधीच्या बारा महिन्यांत वारलेल्यांची यादीही तिच्यात आहे. पणजोबांचं हिमवादळ तिथे कदाचित कायमचं मिटेल.

प्रतिसाद: सुपारीफोड

माहिती काही नाही, नुसतं मनोगत. आम्ही त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडच्या वहीत खापरपणजोबांपर्यंत पोचलो, त्यांच्या हातची सही बघून बाबा गप्पच झाले. पण बायका? सगळ्या सासरच्या नावाने, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. आमच्या पणजीचं माहेरचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही. तुमच्या पणजीचं निदान पहिलं नाव तरी तिचं स्वतःचं आहे. बाकी चालू द्या, वाचतोय.

प्रतिसाद: कागदीघोडे

नागरिकत्वाचे कागद नाहीत कारण ते बनलेच नसणार. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाची परदेशी बायको आपोआप नागरिक ठरायची, वेगळा अर्ज नाही. हे थेट १९२२ पर्यंत चाललं. होमस्टेडचंही तसंच. एकट्या बाईला किंवा विधवेला दावा लावता यायचा, पण नवरा हयात असलेल्या बाईला सहसा नाही. ती नवऱ्याच्या अर्जात 'बायको आणि अमुक मुलं' एवढीच असायची.

म्हणून तुमच्या बाबतीत वैधव्याने निदान कागद तरी मागे ठेवलाय. तुम्ही पाहिलंत ते फक्त मालकीपत्र. त्याच्या मागे जाडजूड फाईल असते, ती मिळवा. मूळ फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत आणि नेब्रास्काच्या फायली स्कॅनही झाल्या आहेत. मालकीपत्रावर लँड ऑफिसचं नाव, दाखल्याचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन असतं, तेवढ्यावर फाईल निघते. पाच वर्षं राहून जमीन कसल्याचा पुरावा तिने स्वतः दिलेला असणार. घर केव्हा बांधलं, किती एकर नांगराखाली आणले, विहीर आहे का, असे प्रश्न असतात आणि खाली सही किंवा फुलीची खूण. शिवाय दोन साक्षीदारांची जबानी. साक्षीदारांची नावं टिपून घ्या. हे शेजारी असतात आणि त्या वस्त्यांमध्ये शेजारी म्हणजे पुष्कळदा भाऊ, मेहुणा, निदान गाववाला. १८८० च्या जनगणनेचं तुमचं पान आणि त्याच्या मागचं-पुढचं पान काढा, प्रशियात जन्मलेला कुणी त्या साक्षीदारांपैकी आहे का बघा. मला विचाराल तर बाईचं माहेर बाईच्या नावाने क्वचितच सापडतं, भावाच्या नावाने सापडतं.

प्रतिसाद: उंबरठा

वरच्याशी सहमत. लग्नाबद्दल राहिलंच. पहिलं मूल आयोवात जन्मलं, मग लग्न हॉवर्ड काउंटीत का शोधताय? पश्चिम आयोवात शेल्बी आणि ऑडुबॉन काउंटीत एल्क हॉर्न, किंबलटन ही मोठी डॅनिश वस्ती, तिथून सुरुवात करा. एल्क हॉर्नला डॅनिश अमेरिकन संग्रहालय आहे, त्यांचं वंशावळीचं केंद्रही आहे. ओमाहाहून तास-सव्वा तासाचा रस्ता. इतक्या जुन्या लग्ननोंदीत आईवडिलांची नावं असतीलच असं नाही, पण माहेरचं आडनाव तरी मिळेल. चर्चच्या वहीत मुलांचे बाप्तिस्मे बघा. त्या वेळच्या साक्षी, म्हणजे धर्ममाता-धर्मपिता, बहुधा घरचेच असतात. नेब्रास्कात ब्लेअर गावी डॅनिश अमेरिकन अभिलेखागार आहे, डॅनेब्रॉगच्या चर्चविषयी तिथे विचारा.

आडनाव मिळालं की एक सावधगिरी. डेन्मार्कमध्ये बापाच्या नावाला 'सेन' किंवा 'दातर' लावायची पद्धत बराच काळ होती, पण स्लेसविगमध्ये कायम आडनावांचा हुकूम १७७१ चा. तेव्हा तिचं आडनाव हान्सेन निघालं तर बापाचं नाव हान्स धरून शोधू नका. हान्स हा तिचा खापरपणजोबा असू शकतो.

मग समुद्रापलीकडे. प्रशियन प्रजा असल्याने कोपनहेगनच्या पोलिसांच्या स्थलांतर नोंदींआधी हाम्बुर्गच्या जहाजयाद्या बघा. त्यांत शेवटचं राहतं गाव लिहिलेलं असतं. १८७३ ला सोळा वर्षांची म्हणजे चर्चमधला दीक्षाविधी निघण्याआधी वर्ष-दोन वर्षांत झाला असेल. त्या नोंदीत जन्मतारीख आणि आईवडील दोन्ही मिळतात. डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या वह्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. १८६० ची डॅनिश गणना स्लेसविगमध्येही झाली होती, तिच्यात ती दोन-तीन वर्षांची पोर म्हणून आईबापांच्या घरात दिसायला हवी.

प्रतिसाद: कागदीघोडे

डीएनए चाचणी कुणी सुचवायच्या आत सांगतो: करायची तर सासूबाईंची करा, नवऱ्याची नको. त्यांच्यात पणजीचा वाटा सरासरी एक अष्टमांश, तुमच्या नवऱ्यात त्याच्या निम्मा. आणि आईकडून आईकडे जाणारी मायटोकॉन्ड्रियाची महागडी चाचणी या कामाला फारशी उपयोगी नाही. रेषा सरळ बायकांचीच आहे हे खरं, पण जुळणारं माणूस दहा पिढ्यांपूर्वीचंही असू शकतं. साधी चाचणी पुरे. हादर्सलेवकडचे चुलत-मावस नातेवाईक तिच्यात निघाले तर गाव पटकन पक्कं होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. १९२० चं पान काल रात्री काढलं. जन्मस्थान स्लेसविग, मातृभाषा डॅनिश. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे आई तिला चिडून जर्मन म्हणायची ते खरंच होतं?" यावर काय बोलायचं मला सुचलं नाही.

१८८५ ची मृत्यूयादीही पाहिली. पणजोबा त्या मार्चमध्ये न्यूमोनियाने गेले. हिमवादळाचं आता मलाच सांगावं लागणार.

१८८० चं पुढचं पान: दोन घरं सोडून प्रशियात जन्मलेला २५ वर्षांचा एकटा शेतकरी आहे. आडनाव पणजोबांपेक्षा वेगळं, म्हणजे पणजीचा भाऊ असायला हरकत नाही. होमस्टेडच्या फाईलमध्ये तो साक्षीदार आहे का ते बघते, मग एल्क हॉर्न.

एक शेवटची विनंती. हादर्सलेवजवळच्या एका चर्चच्या वहीची पानं उघडून पाहिली, सगळं जुन्या गॉथिक वळणात, मला एक अक्षर लागत नाही. या संस्थळावर मोडी वाचणारे पुष्कळ आहेत. हे वाचणारं कुणी आहे का? पान मिळालं की व्यनितून पाठवीन.