दिवाणखान्यातील टीव्हीसाठी कमी खर्चाचा संगणक : मदत हवी आहे

नमस्कार. दिवाणखान्यातील ४के टीव्हीला कायमचा जोडून ठेवता येईल असा संगणक कमीत कमी खर्चात जुळवायचा आहे. गेम खेळायचे नाहीत. हार्ड डिस्कवरचे चित्रपट, घरचे व्हिडिओ आणि गाणी एवढीच अपेक्षा आहे.

तूर्त घरातला जुना डेस्कटॉप जोडून पाहिला. साधे १०८०पी चित्रपट तो विनातक्रार दाखवतो, परंतु १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची पद्धत) फाइल लावली की प्रोसेसरचा वापर थेट १०० टक्क्यांवर जातो, चित्र अडखळू लागते आणि संवाद आधी ऐकू येऊन ओठ मागाहून हलतात. त्याचे एचडीएमआय १.४ असल्याने ४के चित्र ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. पंख्याची घरघर तर शांत प्रसंगांत पात्रांपेक्षा जास्त बोलते.

त्यामुळे इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्यावा असे वाटते, कारण ४ कोअरच्या या ६ वॅटच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी आणि एव्ही१ या दोन्ही प्रकारच्या व्हिडिओंचे डिकोडिंग (फाइल उलगडून चित्र तयार करणे) हार्डवेअरमध्येच होते. की जुन्याच डेस्कटॉपमध्ये छोटे ग्राफिक्स कार्ड बसवणे स्वस्त पडेल?

कोडी या चित्रपट-गाणी लावण्याच्या सॉफ्टवेअरसाठी ८ जीबी रॅम पुरते का आणि विंडोजऐवजी लिब्रेइलेक (केवळ कोडी चालवण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यास एचडीआर (उजेड-अंधारातील बारकावे अधिक दाखवणारे चित्र) नीट दिसते का, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. बिनपंख्याचा मिनी पीसी टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवल्यास फार तापतो का? शिवाय बहुतेक संगणकांत एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्या रिमोटने जोडलेले उपकरण चालवण्याची सोय) नसते. तेव्हा टीव्हीच्याच रिमोटवर सर्व चालवण्यासाठी यूएसबी अडॅप्टर कोणी वापरला आहे का? घरातील ज्येष्ठांच्या हाती कीबोर्ड देणे शक्य नाही.