दुबईहून लॅपटॉप घेतोय, कार्डावर रुपये भरू की दिरहम?

शहापूरकर:
मंडळी, पोरगा यंदा व्हीटीयू विद्यापीठाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला लागला. इथं बेळगावात टिळकवाडीत पसंत केलेला लॅपटॉप 78,000 ला. तेच मॉडेल दुबईत आजच्या भावानं 69,000 ला बसतंय. मावसभाऊ तिकडंच नोकरीला हाय, गणपतीला गोव्यात उतरून चोर्ला घाटानं येणार. त्यानं दुकानाची लिंक पाठवलीय. माझं क्रेडिट कार्ड घालू म्हणतोय, पण पैसे भरायच्या पानावर रुपये आणि दिरहम दोन्ही दाखवतंय. रुपयात भरलं तर आकडा तरी कळतो, न्हवं? सांगा की कुणीतरी.

निपाणीचा पाव्हणा:
रुपये नको! त्याच खड्ड्यात मी पडलोय. तिकडं एका दुकानात पोरानं मशीन माझ्याकडं फिरवलं, वर दिरहम, खाली रुपये. आपले रुपये बघून बरं वाटलं, दाबलं खालचं. हॉटेलवर येऊन पावती उजेडात धरली तर तळाला बारीक अक्षरात भाव छापलेला, त्या दिवशीच्या भावापेक्षा चार टक्के चढा. तो भाव आपल्या बँकेचा नसतोय, मशीनवाल्याचा असतोय. वर दुकान परदेशातलं म्हणून माझ्या बँकेनं तिचं शुल्क लावलंच. दोन्हीकडनं कापलो.

खानापूरची ताई:
पाव्हणे बरोबर बोलताहेत. दुकान ज्या देशातलं, त्याच चलनात भरायचं. पण दादा, दिरहममध्ये भरलं तरी फुकट नाही हं. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, 2 ते 3.5 टक्के असतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 3.5 चे झाले 4.13. तुमच्या 69,000 वर साधारण 2,850 रुपये. नऊ हजारांतले राहिले 6,150. शिवाय भाव लागतो तो व्यवहार बँकेकडे पोचतो त्या दिवशीचा, तुम्ही बटण दाबलं त्या दिवशीचा नव्हे. लॅपटॉप परत केला तर परताव्याला पुन्हा वेगळा भाव. आणि 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना अडकाल.

शहापूरकर:
मग भावाच्याच तिकडच्या कार्डावर घेतला तर? वर विमानतळावर व्हॅट परत मिळतंय म्हणे.

आखाती काका:
अरे बाबा, कार्ड त्याचंच वापर. दिरहमचा पगार, दिरहमचं बिल, मार्कअपचा प्रश्नच मिटला. हिशोब तुम्ही भावाभावांत बघा. पण व्हॅटची आशा सोड. तिथला 5 टक्के व्हॅट परत मिळतो तो पर्यटकाला. तुझा भाऊ राहतोय तिथं, रेसिडेन्स व्हिसावर. त्याला नाही. मी चौदा वर्षं तिकडं काढली, एकदाही मिळाला नाही.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. वॉरंटी भारतात चालते का, ते आधी बघ. दुकानदार हो म्हणतोच. भावाला खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो पाठवायला सांग आणि तो कंपनीच्या साईटवर घालून बघ. मी आणलेल्या एकाला इथल्या सर्व्हिस सेंटरनं हात लावला नाही, सहा हजार खिशातले गेले. तुझे वाचलेले पैसे असेच जातील. कळफलकावर अरबी अक्षरं असतात, पोराला विचार. चार्जरची पिन चौकोनी तीन पायांची, वायर इथं शंभर-दोनशेत मिळते.

गणपत गल्लीचा डीटीपीवाला:
धंद्यासाठी असला तर इथंच घ्या. जीएसटी नंबर घालून बिल केलं की 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतंय, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतनं वजा होतोय, मग दुबई महागच. शहापूरकरांना उपयोग नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला होईल.

हलग्याचा पिंट्या:
अमेरिकेतनं कुरियरनं मागवला तर? तिथं किंमत आणखी कमी दिसतेय की.

खानापूरची ताई:
पिंट्या, ती किंमत सेल्स टॅक्स धरायच्या आधीची असते, ऑरेगॉनसारखी चार-पाच राज्यं सोडली तर वर टॅक्स लागतोच. कुरियरनं एक लॅपटॉप मागवायला परवाना लागत नाही, पण ड्युटी माफ नाही. माझ्या भाच्यानं हौसेनं मागवला होता, कस्टमचा आकडा बघून गप्प बसला. प्रवाशाच्या सामानातनं आला तरच परवडतं. 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो.

शहापूरकर:
सिरियल नंबर घालून बघितला, वॉरंटी भारतात चालते म्हणून दाखवतंय. अरबी अक्षरांचं पोराला काही नाही, म्हणे बघून कोण टाईप करतंय! टिळकवाडीवाल्याला पण फोन केला, तो 75,000 वर आला. तीन हजार असेच उतरले, ते वेगळंच. तरी 69,000 चाच घेऊलालोय. आता एकच शंका. भाऊ ऑफिसचा लॅपटॉप पण घेऊन येणार हाय. दोन झाले की.

आखाती काका:
सवलत एकाच लॅपटॉपची. नव्याचं बिल हातात ठेव म्हणावं, विचारलं तर लपवालपवी नको. आणि ऑफिसचा तिकडंच ठेवून ये म्हणावं. गणपतीत कसलं रे काम?