व्हॅनामी कोळंबीचे शास्त्रीय नाव: पिनियस की लिटोपिनियस?

(चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

निमखारे पाणी

तळ्यांत वाढणाऱ्या ज्या कोळंबीला आपण सगळे व्हॅनामी म्हणतो, तिचे नाव काही कागदांवर लिटोपिनियस व्हॅनामी असते, तर काहींवर पिनियस व्हॅनामी. हा घोळ संपवून सर्वत्र पिनियस हेच नाव वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी निर्यातीच्या कोळंबीची गुणवत्ता तपासण्याचे काम करतो. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार मालावर व्यापारी नावाबरोबर शास्त्रीय नावही द्यावे लागते. गेल्या वर्षी आमच्या एका मालाच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि खोक्यावर दुसरे छापले गेले. दोन्ही नावे एकाच कोळंबीची आहेत हे पटवून देईपर्यंत चार दिवस गेले आणि तेवढे दिवस माल शीतगृहात अडकून पडला.

आता मूळ मुद्दा. प्राणिशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९८ मध्ये पिनियस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली आणि बून यांनी १९३१ मध्ये व्हॅनामीचे वर्णन केले, तेही पिनियसमध्येच. पेरेझ फारफांते यांनी १९६९ मध्ये लिटोपिनियस ही उपप्रजाती, म्हणजे त्या प्रजातीतला छोटा गट, केली; तोवर कोणाची अडचण नव्हती. पुढे १९९७ मध्ये त्यांनी आणि केन्सले यांनी उपप्रजातींना प्रजातीचा दर्जा दिला आणि एका पिनियसच्या सहा प्रजाती झाल्या. थायलंडमधील फ्लेगेल यांनी २००७ मध्येच लिहिले होते की ही फेररचना नाकारण्याचा संशोधकांना अधिकार आहे. हाँगकाँग आणि तैवानच्या संशोधकांनी २०११ मध्ये पेशीकेंद्रातील आणि मायटोकाँड्रियातील जनुके एकत्र तपासली, तेव्हा या सहा प्रजातींची मांडणी टिकली नाही. या सहांपैकी मेलिसर्टस आणि संकुचित अर्थाने उरलेली पिनियस यांतील जाती एकाच पूर्वजाच्या पूर्ण वंशात बसत नाहीत. ज्या मांडणीचा पायाच ढासळला, तिचे नाव आपण खोक्यावर का मिरवावे?

तुंडदंत

आपल्या अडकलेल्या मालाबद्दल वाईट वाटते. तरीही मी आपल्याशी सहमत नाही, आणि हे मी मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गीकरण शिकवणारी व्यक्ती म्हणून लिहीत आहे.

लिटोपिनियस हा गट कोणी कागदावर बसून कल्पिलेला नाही. मादी पालथी करून पायांच्या शेवटच्या जोड्यांमधला भाग भिंगाखाली पाहावा. वाघी कोळंबीत, म्हणजे मोनोडॉनमध्ये, तिथे दोन झडपांसारखे पट्टे मिटलेले दिसतात आणि आत नराचे शुक्राणू साठवण्याची जागा असते. व्हॅनामीत अशी बंद पिशवी नसते. तिथे नराने दिलेला शुक्राणूंचा पुडका बाहेरूनच चिकटतो. म्हणूनच मोनोडॉनचा समागम कात टाकल्यावर, कवच मऊ असताना होतो, आणि व्हॅनामीचा कवच कठीण असताना, अंडी सोडण्याच्या काही तास आधी. हॅचरी चालवणाऱ्याच्या कामाची पद्धत या फरकावर ठरते. मेलिसर्टसचा गट तुटला म्हणून अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या या पाच जातींचे नाव पुसावे, हा न्याय मला पटत नाही.

दुसरे असे, की प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता नाव कसे द्यावे हे सांगते. एखाद्या गटाला प्रजाती मानायचे की उपप्रजाती, हा निर्णय ती अभ्यासकावर सोडते. म्हणून एक नाव बरोबर आणि दुसरे चूक, असे म्हणता येत नाही. भारतात २००९ पासून या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळत गेली, तेव्हा नियमावलीत लिटोपिनियस असेच छापले होते. ते कागद खोटे नव्हते.

खाडीकाठ

माझे घर कोळीवाड्यात आहे आणि आई अजून बाजारात टोपली घेऊन बसते. या वादात एक गोष्ट सुटते आहे. व्हॅनामीलाही पांढरी कोळंबी म्हणतात आणि आपल्या समुद्रातल्या इंडिकसलाही. दोघींची प्रजाती कोणती, याने गिऱ्हाईकाचे काहीच बिघडत नाही, पण व्हॅनामी की इंडिकस, हे मात्र त्याला कळायलाच हवे. शास्त्रीय नावातला दुसरा शब्द नीट छापला, तर पहिल्यावरून एवढे भांडण कशाला? शिवाय आम्ही ज्याला जवळा म्हणतो तो असेटिस इंडिकस, त्याचे तर कुळही वेगळे. त्याच्याही नावात इंडिकस आहे, म्हणून नुसता दुसरा शब्द पुरत नाही, हेही मला मान्य आहे.

निमखारे पाणी

तुंडदंत, मादीच्या शरीररचनेचा आपला मुद्दा मी नाकारत नाही. मी स्वतः तो फरक पाहिला आहे. पण तो दाखवायला उपप्रजाती पुरेशी आहे. पिनियस, कंसात लिटोपिनियस, आणि मग व्हॅनामी, असे लिहिले तर माहितीही राहते आणि मोनोडॉनशी नातेही तुटत नाही. नाव हे वर्णन असलेच पाहिजे असा आग्रहही मला मान्य नाही. मोनोडॉनचा अर्थ एकदाती, आणि तिच्या तुंडावर, म्हणजे डोक्यापुढच्या टोकदार काट्यावर, वरच्या बाजूला साधारण सात व खाली तीन दात असतात. सव्वादोनशे वर्षांत कोणाचे त्यामुळे अडले नाही, कारण नावाचे पहिले काम ओळख पटवण्याचे आहे आणि ती पटण्यासाठी नाव स्थिर हवे.

तुंडदंत

स्थिरतेचाच निकष लावायचा, तर मोनोडॉनचे उदाहरण आपल्या विरुद्ध जाते. या नावाखाली नेमकी कोणती कोळंबी येते आणि सेमिसल्केटस ही दुसरी जाती कोणती, यात अभ्यासकांचा दीर्घकाळ गोंधळ होता आणि होल्टहाऊस यांना १९४९ मध्ये त्यावर लिहून तो सोडवावा लागला. नाव तेच राहिले, पण त्याआधीची वर्णने वाचताना कोणत्या जातीबद्दल लिहिले आहे, हे आजही तपासून पाहावे लागते.

कंसातील उपप्रजातीची आपली सूचना मात्र मला मान्य आहे. मी विद्यार्थ्यांना तसे लिहायला सांगेन, आणि एक बारकावाही शिकवेन: पिनियस व्हॅनामी लिहिले की बून, १९३१ हे कंसाविना येते, कारण मूळ वर्णन त्याच प्रजातीत झाले. लिटोपिनियस ही प्रजाती मानून लिहिले, तर लेखक आणि वर्ष कंसात जातात. दोन्ही कागद समोर ठेवून हा कंस पाहिला असता, तर आपल्या तपासनिसाला चार दिवस लागले नसते. परंतु लिटोपिनियस लिहिणाऱ्याचे गुण मी कापणार नाही.

निमखारे पाणी

गुण कापू नका, पण उत्तरपत्रिकेत दोन्ही नावे मागा. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना यातले एकच नाव माहीत असते, आणि ते कोणते हे त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीवर ठरते.