मदत हवी आहे: फ्रंटल सायनस न उघडता कवटी कोठून उघडावी?

धागाकर्ता: मी न्यूरोसर्जरीचा निवासी डॉक्टर आहे. भुवईतील छेदातून क्रेनिओटॉमी (कवटीचे हाड कापून उघडणे) करताना मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर राहिल्यास फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातील हवेची पोकळी) उघडा पडत नाही? प्रत्येक लेखात वेगळा आकडा आहे आणि मला विभागात एकच सांगायचा आहे. कृपया विषयांतर नको.

अस्थिपंजर: रुग्णाचे वय, बाजू, सीटी यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हा सायनस जन्मतः नसतो, पौगंडावस्थेनंतर पूर्ण वाढतो, आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाढत असल्याने एक मोठी व दुसरी अगदी लहान असू शकते. काहींना तो नसतोच. मग एकच आकडा कसा चालेल?

जुना हात: नॅव्हिगेशन (शस्त्रक्रियेत नेमकी जागा दाखवणारी संगणकीय प्रणाली) येण्यापूर्वी आम्ही सहा फुटांवरून घेतलेल्या कॉल्डवेल (कपाळ समोरून दाखवणाऱ्या) क्ष-किरण चित्रावरून सायनसच्या आकाराचा साचा कापून, निर्जंतुक करून तो हाडावर ठेवत असू. आजही तेच करावे.

नासिका: डोके किंचित कलले तरी त्या साच्याची कड सरकते, त्यामुळे माझा त्यावर भरवसा नाही. कड चुकण्यापेक्षा उघडलेला सायनस तसाच सोडणे अधिक घातक आहे: मेंदूजल नाकातून गळते, मेंदूज्वर होऊ शकतो, आणि आत श्लेष्मल आवरण राहिले तर कित्येक वर्षांनीही म्युकोसील (श्लेष्मा साचून फुगणारी गाठ) उद्भवते. आवरण काढून, निचरामार्ग बंद करून, त्यावर पेरिक्रेनियमचा (कवटीच्या हाडावरील पातळ आवरणाचा) पदर पसरावा.

जुना हात: लहान छिद्र असेल तर एवढा खटाटोप कशाला? हाडाचे मेण पुरते.

नासिका: आवरण फाटलेले असताना केवळ मेण दाबणे मला मान्य नाही. मेण ही परकी वस्तू आहे आणि सायनस नाकाशी जोडलेला असतो.

ठसेतज्ज्ञ: या सायनसची कड व्यक्तिगणिक इतकी वेगळी असते की जुन्या क्ष-किरण चित्राशी ताडून अनोळखी मृतदेहाची ओळख पटवता येते.

धागाकर्ता: माहिती रोचक आहे, पण माझा रुग्ण जिवंत आहे. वय ३४, डावी बाजू, कवटीच्या पुढील खळग्याच्या तळाशी मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ). सीटीचे काप ५ मिलिमीटरचे असून सायनसची बाहेरची कड त्यात पुसट दिसते.

अस्थिपंजर: हेच आधी सांगायला हवे होते. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप मागवावेत. अंतर मध्यरेषेपासून न मोजता सुप्राऑर्बिटल खाचेपासून (डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवरील खाच) मोजावे, कारण दोन सायनसांमधील पडदा बहुधा एका बाजूला झुकलेला असतो, तर खाच शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला लागते. मात्र सर्वांत बाहेरचे टोक भुवईच्या पातळीवरच असेल असे गृहीत न धरता हाडाच्या नियोजित कापाच्या संपूर्ण उंचीवर ते पाहावे.

धागाकर्ता: या रुग्णात सायनस खाचेच्या बाहेर गेलेला आढळला तर?

नासिका: तर हाडाचा काप आणखी बाहेर सरकवून गाठीपर्यंत पोहोचता येते का, ते तपासावे. येत नसेल तर सायनस उघडणार असे धरूनच पेरिक्रेनियमचा पदर सुरुवातीलाच जपून उचलून ठेवावा. छेद देताना तो फाटला की नंतर पुरेसा मिळत नाही.